वजन उतरविण्याचा सौदा

दिवाळी अंकात वजन उतरविण्याविषयी लिहिणे हा शिष्टाचाराचा भंग आहे, हे मी जाणतो. हा अंक उघडून बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या एका हातात या क्षणी चकली असेल, आणि ती असावीच. परंतु गेली काही वर्षे आमच्या वाशीम जिल्ह्यात फराळाच्या ताटाबरोबर वजन घटविण्याची पत्रकेही घरात येऊ लागली आहेत. ती वर्तमानपत्राच्या घडीतून पडतात, मोबाईलच्या पडद्यावर उमटतात आणि आठवडी बाजारात भाजीवाल्याशेजारी उभा असलेला एखादा तरुण ती आपल्या हातात कोंबतो. अशा वेळी समीक्षकाने कवितासंग्रहांचीच चिकित्सा करीत बसावे, हे मला पटत नाही. जे वाङ्मय घराघरांत वाचले जाते आणि ज्याच्यापायी वाचक खिशातले हजारो रुपये काढून देतो, त्याचे परीक्षण कोणीच करू नये काय?

माझ्यापुढे असे एक पत्रक आहे. संस्थेचे नाव सांगत नाही. नावे बदलतात, मासला एकच असतो. डावीकडे एका बाईचे छायाचित्र आहे. चेहरा उदास, केस विस्कटलेले, उजेड मंद. उजवीकडे तीच बाई, हसरी, नव्या साडीतली, भरपूर उजेडात. दोहोंच्या मध्ये एक बाण आणि खाली ओळ: 'बारा आठवड्यांत बारा किलो, हमखास.' कथा म्हणून पाहिले तर हिला आरंभ आहे, शेवट आहे. मध्य मात्र नाही. त्या बारा आठवड्यांत बाईने काय खाल्ले, घरच्यांसाठी दोन्ही वेळा स्वयंपाक करताना तिच्या मनात काय आले, सासूबाई काय म्हणाल्या, लग्नाच्या पंगतीत वाढपी जिलबी घेऊन आला तेव्हा तिने काय केले, यांतले एक अक्षरही नाही. आणि साऱ्या कथेचा जीव तर तेथेच आहे!

याहून मोठा दोष निराळाच. छायाचित्रे दोनच आहेत. तिसरे, दोन वर्षांनंतरचे, कोठेही नाही. मी पत्रक उलटसुलट करून पाहिले. मागे फक्त पैसे भरण्याचा चौकोनी ठिपक्यांचा कोड आहे.

हे पत्रक माझ्याकडे पाठविले ते रिसोड तालुक्यात एका शाळेत शिकविणाऱ्या माझ्या पुतणीने. खाली तिने एकच ओळ लिहिली होती, 'काका, अठरा हजार भरू की नको?' तिचा प्रश्न नटण्यामुरडण्याचा असता तर मी हसून सोडून दिला असता. तिच्या आईला मधुमेह होता. यंदा तिची स्वतःची तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, जिला आता खेड्यातले लोकही एचबीए-वन-सी म्हणून ओळखतात, ६.३ आली. ६.५ पासून मधुमेह धरतात. वय ३९, घरात दोन मुले, नवऱ्याची थोडी कोरडवाहू शेती. डॉक्टरांनी 'वजन कमी करा' एवढेच सांगितले आणि पुढच्या रोग्याला आत बोलावले. कसे कमी करायचे हे सांगायला वेळ कोणापाशी होता? तो वेळ पत्रकवाल्यापाशी होता. या धंद्याचे अर्धे यश येथेच आहे, असे माझे मत आहे.

अठरा हजार रुपये म्हणजे किती, हे आमच्याकडे सोयाबीनमध्ये मोजायचे. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरला. म्हणजे सव्वातीन क्विंटलांहून अधिक माल झाला, तोही हमीभाव पदरात पडला तर. पाऊस दगा देतो त्या वर्षी एका एकरातून एवढेही हाती लागत नाही. आणि या रकमेत मिळते काय? आठवड्यातून एकदा काट्यावर उभे राहणे, व्हॉट्सॲपवर एका ताईचा उपदेश आणि एका जेवणाऐवजी पाण्यात ढवळून प्यायच्या पावडरीचे डबे. असल्या अनेक डब्यांच्या बाजूला बारीक अक्षरांत घटकांची यादी असते. ती भिंगाखाली धरली तर आरंभीच सोयाबीनच्या प्रथिनांचे नाव सापडते. वाशीम हा सोयाबीनचा जिल्हा. आम्ही पेरतो, कापतो, मळतो आणि पोत्यात भरून विकतो; आमच्या ताटात त्यातले तेल तेवढे परत येते. उरलेला ऐवज व्हॅनिलाचा वास लावून डब्यातून विकत घ्यावा, यातला विनोद एखाद्या नाटककाराला सुचायला हवा होता.

आता धंद्याच्या मुळाकडे जाऊ, कारण तेथली हकीकत पत्रकापेक्षा पुष्कळच रसाळ आहे. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात जीन नायडेच नावाची एक गृहिणी राहत होती. १९६१ साली तिचे वजन २१४ पौंड, म्हणजे सुमारे ९७ किलो होते. ती शहराच्या आरोग्य खात्याने चालविलेल्या स्थूलतेच्या दवाखान्यात गेली. तेथे तिला एक आहारपत्र मिळाले. त्याप्रमाणे ती चालूही लागली. पण चोरून बिस्किटे खाण्याची सवय सुटेना आणि दवाखान्यात ते कबूल करण्याची लाज वाटे. तेव्हा तिने काय करावे? तिने आपल्यासारख्याच सहा मैत्रिणींना घरी बोलाविले आणि बिस्किटांची चोरी त्यांच्यापुढे सांगून टाकली. मैत्रिणींनीही आपापल्या चोऱ्या सांगितल्या. दर आठवड्याला बैठक भरू लागली, माणसे वाढली, नायडेचबाई १४२ पौंडांवर आल्या आणि १९६३ साली 'वेट वॉचर्स' ही कंपनी उभी राहिली. १९७८ साली टोमॅटो सॉससाठी प्रसिद्ध असलेल्या हाइन्झ कंपनीने ती विकत घेतली.

या गोष्टीतला अर्थ नीट पाहावा. आहारपत्र सरकारी दवाखान्याचे होते. नायडेचबाईंनी त्यात घातली ती सोबत. आपल्यासारखीच चोरी करणाऱ्या चारजणी समोर असणे, हाच त्यांचा शोध. पुढे साठ वर्षे कंपनीने गुणांच्या पद्धती बदलल्या, डबाबंद जेवणे काढली, २०१५ मध्ये ओप्रा विन्फ्री यांना भागीदार करून घेतले, २०१८ मध्ये नाव आखडून नुसते 'डब्ल्यूडब्ल्यू' केले. पण विकण्यासारखी मूळ वस्तू ती एकच होती.

त्या वस्तूचा उपयोग होतो का? होतो. येथे मला पत्रकवाल्यांचे शत्रू आणि मित्र या दोघांनाही थोडे निराश करावे लागणार आहे. २०११ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ऑस्ट्रेलिया, जर्मनी व ब्रिटन येथील ७७२ स्थूल माणसांपैकी अर्ध्यांना डॉक्टरांच्या नेहमीच्या सल्ल्यावर ठेवले आणि अर्ध्यांना वेट वॉचर्सच्या बैठकांना पाठविले. वर्षाअखेर पहिल्यांचे सरासरी सव्वादोन किलो उतरले, दुसऱ्यांचे पाच. प्रयोगाला पैसा त्याच कंपनीचा होता, हे जाता जाता नमूद करतो. पण आकडे मी खोटे मानत नाही. मग २०१७ साली ब्रिटनमध्ये १,२६७ लोकांवर दुसरा प्रयोग झाला, आणि आमच्या पत्रकातले हरवलेले तिसरे छायाचित्र मला तेथे सापडले. काहींना नुसती पुस्तिका दिली, काहींना बारा आठवड्यांचे सभासदत्व, काहींना पूर्ण वर्षाचे. वर्षाअखेर उतरलेले सरासरी वजन अनुक्रमे ३.२६, ४.७५ आणि ६.७६ किलो. दोन वर्षांनी तेच आकडे २.३०, ३.०० आणि ४.२९ झाले.

बारा आठवड्यांच्या सभासदत्वाने दोन वर्षांनंतर शिल्लक राहिले तीन किलो. पुस्तिका वाचणाऱ्याहून पाऊण किलो सरस. 'बारा आठवड्यांत बारा किलो' या ओळीसमोर ही ओळ ठेवून पाहावी. मात्र वर्षभर जाणाऱ्यांचे चार किलोंहून थोडे अधिक टिकले, ही गोष्ट क्षुल्लक नाही. साखर सीमारेषेवर आलेल्या माणसाला चार किलो पुष्कळ होतात. म्हणून मी म्हणतो की या धंद्यात सर्वांत निरुपयोगी माल जर कोणता असेल तर तो तीन महिन्यांचा, आणि आमच्याकडे नेमका तोच विकला जातो. वर्षभराचे पैसे मागितले तर गिऱ्हाईक पळेल, हे विकणाऱ्याला पक्के ठाऊक असते.

खुद्द वेट वॉचर्सचे पुढे काय झाले तेही सांगून टाकतो. भूक मंद करणारी टोचून घ्यायची औषधे आली, सभासद गळू लागले आणि मे २०२५ मध्ये कर्जाखाली दबलेल्या त्या कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरीच्या कायद्याखाली संरक्षण मागितले. त्याच वर्षी ती औषधे आपल्या देशातही अधिकृतपणे विक्रीला आली. औषध थांबविल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनातला सुमारे दोन तृतीयांश भाग परत येतो, असे त्यांतल्या एका औषधाच्या प्रयोगात दिसले. त्यांचा विचार डॉक्टरांनी करावा. माझा विषय पत्रकाचा आहे.

आपल्या महाराष्ट्रात या विषयाला जे वळण लागले ते मात्र जगात इतरत्र क्वचितच लागले असेल. येथे वजन उतरविण्याच्या दोन पंथांनी २०१८-१९ च्या सुमारास घरोघरी इतका वाद माजविला की एका जेवणाच्या टेबलावर दोन पक्ष बसू लागले. एक पंथ विदर्भात जन्मला. काटोलकडचे डॉ. श्रीकांत जिचकार, पदव्यांच्या राशीसाठी प्रसिद्ध असलेले आणि २००४ साली मोटार अपघातात गेलेले, यांनी आहारावर भाषणे दिली होती. त्या भाषणांचा धागा डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी पकडला आणि 'विनासायास वेटलॉस आणि मधुमेह प्रतिबंध' या पुस्तकाने तो मराठी घरांत नेला. सांगणे अगदी थोडे: खरी भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत संपवा, मध्ये पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा चहा यांखेरीज काही नको, आणि पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. यासाठी पैसे नाहीत, डबा नाही, काही विकत घ्यायचे नाही.

दुसरा पंथ मुंबईच्या ऋजुता दिवेकर यांचा. २००८ च्या 'टशन' चित्रपटासाठी करीना कपूर बारीक झाली त्या वेळी त्यांचे नाव झाले, आणि पुढच्या वर्षी त्यांचे पहिले इंग्रजी पुस्तक निघाले. तूप खा, भात खा, केळे खा, आजी खायची ते खा. पण दर दोन तासांनी थोडे थोडे खा आणि रात्रीचे जेवण सूर्यास्तानंतर दोन तासांत उरका. या पंथाची भाषा मला मनापासून आवडते. तिच्यात मराठी स्वयंपाकघराविषयी प्रेम आहे, आणि तुपाच्या धारेला गुन्हेगार ठरवून मोकळे झालेल्या दोन पिढ्यांना तिने धीर दिला. दीक्षितांचे पुस्तक त्यामानाने सरकारी परिपत्रकासारखे वाटते. परंतु परिपत्रकाचा एक गुण असतो: ते कोणालाही पाळता येते. दर दोन तासांनी खाण्याचा नियम ज्याच्या हाताशी डबा भरून देणारे कोणी आहे त्याच्यासाठी. सकाळी नऊला निंदणीला गेलेल्या बाईने तो कसा पाळावा? तिला दोन वेळांचे जेवण हा पंथ नसून दिनक्रमच आहे.

दोहोंपैकी शास्त्र कोणाच्या बाजूने आहे? २०१४ साली प्राग येथे मधुमेहाच्या ५४ रोग्यांवर एक लहानसा प्रयोग झाला. तेवढेच अन्न बारा आठवडे सहा वेळांत वाटून दिले आणि बारा आठवडे दोन वेळांत. सहा वेळांत २.३ किलो उतरले, दोन वेळांत ३.७. दीक्षितपंथीयांनी टाळी वाजवायला हरकत नाही, पण हळू. कारण त्या दोन वेळा न्याहारी आणि दुपारचे जेवण या होत्या. रात्रीचे जेवण नव्हतेच. आपल्याकडे दोनदा जेवणारे बहुतेक लोक नेमके रात्री साडेनऊला दूरचित्रवाणीसमोर दुसरे जेवण जेवतात. शिवाय दोन्ही पाळ्यांत अन्न मोजून कमी केलेले होते. पंचावन्न मिनिटे मिळाली म्हणून त्यांत वांग्याच्या भाजीशी तुपात बुडविलेले चार रोडगे संपविणारे अनुयायी मी पाहिले आहेत! पुस्तकाचा यात दोष नाही म्हणा. कोणत्याही ग्रंथाचे भाष्यकार ग्रंथकारापेक्षा उदार असतात.

एक गोष्ट मात्र थट्टेवारी नेण्यासारखी नाही. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन चालू असताना मधले खाणे एकदम तोडले तर साखर धोक्याइतकी खाली जाते. पंथ कोणताही असो, औषध घेणाऱ्याने आधी डॉक्टरांकडून मात्रा बदलून घेतलीच पाहिजे. शेजाऱ्याच्या सल्ल्यावर हे करू नये, आणि व्हॉट्सॲपवरच्या ताईच्या सल्ल्यावर तर मुळीच नको.

काट्याविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण सगळे पत्रक काट्यावर उभे आहे. दोन छायाचित्रांची खरी मोठी कथा पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापली. एक छायाचित्र त्यांचे स्वतःचे, दुसरे त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांचे. दोघे शेजारी उभे. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही अगदी एकच, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! आपला माणूस काट्यावर सडपातळ असूनही आतून लठ्ठ असू शकतो, हे या एका पानाने जगाला सांगितले. पत्रकातल्या छायाचित्रांपेक्षा या दोन छायाचित्रांत कमी उजेड आहे, पण पाहणाऱ्याला ती पुष्कळ शिकवितात. म्हणूनच भारतीयांसाठी लठ्ठपणाची रेषा निर्देशांक २५ वर ओढलेली आहे, आणि काट्याहून शिंप्याची टेप अधिक बोलते: पुरुषाचा कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत, बाईचा ८० च्या आत. टेपेला वीस रुपये पडतात.

आमच्या जिल्ह्याला याचे महत्त्व विशेष. २०१८ साली निती आयोगाने जे मागास जिल्हे 'आकांक्षित' म्हणून निवडले त्यांत वाशीम होता. ज्या गावात अंगणवाडीत कमी वजनाच्या मुलांची यादी लागते त्याच गावात मुलांच्या आयांच्या साखरेच्या गोळ्या चालू असतात. हाडकुळ्या माणसाला मधुमेह झाला की 'हा तर लठ्ठ नाही' म्हणून घरचे वर्ष-दोन वर्षे निष्काळजी राहतात. त्याच्यासाठी पत्रकात जागाच नाही, कारण त्याचे 'आधी'चे छायाचित्र काढण्यासारखे नसते.

मग पुतणीला मी काय कळविले? तिचा नवरा मध्यस्थी करीत होता की 'बाबा, तिचे मन राखा.' मन राखण्याचा प्रश्न नव्हता. मी लिहिले की त्या संस्थेला तीन गोष्टी विचार. दोन वर्षांपूर्वी आलेल्यांपैकी किती जणींचे वजन आज उतरलेले आहे? पावडर न घेता नुसत्या बैठकीचे पैसे किती? आणि पैसे महिन्याच्या महिन्याला देता येतील का, एकरकमी नकोत? तिने विचारले. पहिल्या प्रश्नाला 'आमच्याकडे तसे रेकॉर्ड नसते' असे उत्तर आले, दुसऱ्याला 'पॅकेज एकत्रच असते', आणि तिसऱ्याला 'आज भरले तर दोन हजार सूट'. साहित्याच्या परीक्षणात लेखक इतका उघडा क्वचितच पडतो. तिने पैसे भरले नाहीत.

तिने त्याऐवजी जे आरंभले त्यात चमत्काराचे काही नाही. सकाळी शाळेपूर्वी चालणे, रात्रीचे जेवण साडेसातला, चहातली साखर बंद, भाताऐवजी ज्वारीची भाकर आणि वाटीभर जास्त वरण, मूठभर फुटाणे. दर शनिवारी शाळेतल्या चौघीजणी टेपेने कंबर मोजून वहीत लिहितात. हा नायडेचबाईंचाच प्रयोग आहे, आणि ज्या जिल्ह्यात गावोगावी महिलांचे बचतगट महिन्याला बसून पै-पैशाचा हिशेब करतात तेथे तो अवघड जाऊ नये, असे मी प्रथम म्हणालो. तीन महिने झाले आहेत. निकाल सांगण्यासारखा काळ नाही, आणि मी तो सांगणारही नाही.

परंतु तिने मला एक गोष्ट ऐकविली ती येथे लिहिणे भाग आहे, कारण ती माझ्या विरुद्ध पक्षाची आहे. चौघींपैकी एकजण दुसऱ्याच महिन्यात यायची थांबली. तिची कंबर वाढली होती, आणि वहीतला आकडा गावभर होईल याची तिला भीती वाटली. गावात सगळेच ओळखीचे. जाऊबाईची बहीण त्याच शाळेत. तिने शेवटी वाशीमच्या एका संस्थेत पैसे भरले, तेथे तिला कोणी ओळखत नाही म्हणून. क्वीन्समधल्या बाईला मैत्रिणींपुढे जे बोलता आले ते आमच्या तालुक्यातल्या बाईला परक्या माणसापुढेच बोलता येते, असे असेल तर त्या परकेपणाची काही किंमत धरावी लागेल. अठरा हजार नव्हे; पण काही तरी. ती बाई दर मंगळवारी एस.टी.ने जाते, डबे घेत नाही, आणि ताईशी अर्धा तास बोलून येते.